मिडियन नर्व्हची मराठी नावे : एक परिभाषासमीक्षा

पारिभाषिक शब्दांची समीक्षा आपल्याकडे बहुधा दोन कसोट्यांवर केली जाते. शब्द संस्कृत व्याकरणास धरून सिद्ध झाला आहे काय, ही पहिली. आणि तो उच्चारास व समास करण्यास सोयीचा आहे काय, ही दुसरी. या दोन्ही कसोट्या आवश्यक आहेत, परंतु पुरेशा नाहीत. जेथे शब्द ऐकून कोणास तरी तत्काळ काही कृती करावयाची असते, तेथे तिसरी कसोटीही लावावी लागते : ऐकणाऱ्याचे लक्ष तो शब्द योग्य जागी नेतो काय? प्रस्तुत लेखात या तिसऱ्या कसोटीवर हातातील एका नर्व्हच्या मराठी नावांची तपासणी करावयाची आहे. ही नर्व्ह म्हणजे इंग्रजीत जिला मिडियन नर्व्ह म्हणतात ती. तिचे मराठी नाव कोणते असावे हाच वादविषय असल्याने, निर्णय होईपर्यंत इंग्रजी नावच वापरणे न्याय्य होईल.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा आहे असे कोणी समजू नये. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. आणि पुढे भोसरी, आकुर्डी, तळवडे या वसाहतींपासून खेड तालुक्यातील चाकणपर्यंत कारखान्यांची एक सलग रांग उभी राहिली. या पट्ट्यात पत्रा कापणे, दाबयंत्रावर भाग काढणे, सुटे भाग जोडणे, घासणयंत्र चालविणे ही कामे हातांनी होतात. ती करणारे हात मराठवाड्यातील आहेत, विदर्भातील आहेत, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगाल येथीलही आहेत. इतक्या बोली जेथे एका पाळीत एकत्र येतात, तेथे शरीराच्या एका अवयवाचे नाव संदिग्ध असणे ही निव्वळ वाङ्मयीन गैरसोय राहत नाही.

प्रथम वस्तू पाहू, मग नाव. मानेच्या मणक्यांतून व छातीच्या पहिल्या मणक्याखालून निघणाऱ्या नर्व्हांचे काखेत एक जाळे बनते. त्या जाळ्याच्या बाहेरच्या व आतल्या दोरांपासून एकेक मूळ येऊन मिडियन नर्व्ह तयार होते. दंडात ती मुख्य रोहिणीच्या सोबतीने उतरते. आरंभी तिच्या बाहेरच्या अंगास असते, मध्यावर तिला ओलांडते आणि कोपराच्या खळग्यात तिच्या आतल्या अंगास येते. दंडातील स्नायूंना ती सामान्यतः शाखा देत नाही. तिचे काम कोपराशी सुरू होते. अग्रबाहूच्या पुढील भागातील बहुतेक सर्व स्नायू, म्हणजे हात पालथा करणारे, मनगट वाकविणारे आणि बोटे मिटणारे, तिच्या आज्ञेत आहेत. अपवाद दीड स्नायूंचा : करंगळीच्या बाजूने मनगट वाकविणारा एक, आणि बोटांची टोके मिटणाऱ्या खोल स्नायूचा करंगळीकडील अर्धा भाग. हे अल्नर नर्व्हकडे जातात.

मनगटाशी ही नर्व्ह कातडीच्या अगदी जवळ येते. तेथून ती हाडांची कमान आणि तिच्यावरील घट्ट बंध यांमधील अरुंद बोगद्यात शिरते. या बोगद्यातून बोटे व अंगठा मिटणाऱ्या नऊ कंडरा जातात; नर्व्ह ही दहावी. भिंत हाडाची, छत न ताणणारे. त्यामुळे आत थोडीशी सूज आली तरी दाब सर्वांत मऊ असलेल्या प्रवाशावर येतो. बोगद्यापलीकडे तिची एक लहान शाखा अंगठ्याच्या उंचवट्यातील स्नायूंना जाते. त्यांच्या बळावर अंगठा तळहातापासून उचलला जातो आणि इतर बोटांच्या समोर येतो. तिच्या उरलेल्या शाखा अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू यांना स्पर्शज्ञान देतात. तळहाताच्या कातडीकडे जाणारी शाखा मात्र बोगद्याच्या आधीच फुटून छतावरून जाते. म्हणून बोगद्यात नर्व्ह दबली असता बोटे बधिर होतात, पण तळहाताची संवेदना बहुधा शाबूत राहते.

या वर्णनातून तिचे कार्य एका वाक्यात सांगता येते. हाताच्या दोन मूलभूत पकडी आहेत, असे जॉन नेपियर यांनी १९५६ साली मांडले : एक बळाची, दुसरी नेमकेपणाची. मराठीस हा भेद शोधावा लागत नाही; तो तिच्या घरातच आहे. बळाची पकड म्हणजे मूठ, नेमकेपणाची पकड म्हणजे चिमूट. मूठ आवळण्यात अल्नर नर्व्हचा मोठा वाटा आहे. चिमटीत वस्तू धरणे व ती धरली आहे हे बोटांच्या अग्रांना कळणे, हे मुख्यतः मिडियन नर्व्हचे काम आहे. नट आट्यावर बसविणारा, तार खोबणीत सरकविणारा, सुईत दोरा ओवणारा हात तिच्या हुकमतीत असतो.

आता नावे. प्रथम ‘नर्व्ह’ या जातिवाचक शब्दाचा विचार करू. मराठीत त्यासाठी नस, शीर, नाडी, मज्जातंतू, चेता, तंत्रिका असे अर्धा डझन प्रतिशब्द फिरत असतात. त्यांपैकी ‘नाडी’ मनगटावरील ठोक्याने कायमची अडविली आहे. ‘शीर’ हा शब्द बोलीत रक्तवाहिनीकडे झुकतो, परंतु ‘शिरेवर शीर चढली’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात स्नायूची ओढ असते. ‘मज्जातंतू’ हा शब्द दीर्घकाळ रूढ आहे व त्याचा उपकारही मोठा आहे. पण त्याच्या दोन्ही घटकांत अडचण आहे. मज्जा म्हणजे परंपरेने हाडाच्या पोकळीतील धातू. तंतू म्हणजे एक धागा. नर्व्ह मात्र असंख्य धाग्यांची जुडी असते. परिणामी नर्व्हमधील एका धाग्याविषयी लिहू लागताच लेखकास ‘मज्जातंतूतील तंतू’ अशी कसरत करावी लागते.

‘तंत्रिका’ हा मराठी विश्वकोशाने स्वीकारलेला शब्द. तंत्री, म्हणजे तार, या कल्पनेशी त्याचे नाते असल्याने तो अर्थदृष्ट्या सुंदर आहे, आणि हिंदी परिभाषेशी जुळणारा असल्याने आंतरप्रांतीय व्यवहारास सोयीचा आहे. तथापि औद्योगिक पट्ट्यात ‘तंत्र’ हा शब्द तंत्रज्ञ, तंत्रनिकेतन, तंत्रशिक्षण या कुटुंबात घट्ट रुजलेला आहे. तेथील वाचकास ‘तंत्रिका’ शब्द शरीराकडे नेत नाही, यंत्राकडे नेतो. ‘चेता’ हा शब्द शालेय पाठ्यपुस्तकांनी रुजविला. चेतनेशी त्याचा उघड संबंध आहे, तो आखूड आहे, समासात सहज वाकतो आणि चेतापेशी, चेतासंस्था ही त्याची भावंडे दहावीपर्यंत शिकलेल्या कामगाराच्या कानावरून गेलेली असतात. चेतना म्हटली की संवेदना आठवते, आज्ञा देण्याचे कार्य झाकले जाते, हा त्यावरील आक्षेप खरा आहे. परंतु इतर शब्दांच्या दोषांपुढे तो सौम्य आहे.

याहून गंभीर प्रकरण ‘स्नायू’ या शब्दाचे आहे. आयुर्वेदात स्नायू म्हणजे बांधणारी दोरी. सुश्रुतसंहितेत पेशी, कंडरा, स्नायू, सिरा व धमनी यांची गणना निरनिराळी केलेली आहे. मराठीने तो शब्द घेऊन मांसपेशीस दिला. बंगालीने तोच शब्द नर्व्हला दिला, आणि ग्रांथिक हिंदीतही तो नर्व्हच्या अर्थाने आढळतो. ही केवळ आपल्याकडील गफलत नव्हे : ग्रीक व लॅटिन भाषांतील ज्या मूळ शब्दांपासून युरोपीय भाषांना नर्व्हचे नाव मिळाले, त्यांचाही जुना अर्थ कंडरा किंवा दोरी असाच होता. पांढरी, चिवट, ताणलेली वस्तू पाहून माणसाने दोन्हींना एकच नाव दिले, आणि भेद कळल्यावर प्रत्येक भाषेने आपापल्या सोयीने वाटणी केली. इतिहास म्हणून हे रम्य आहे. परंतु चाकणच्या एखाद्या दवाखान्यात मराठी वैद्य कागदावर ‘स्नायूस इजा’ असे लिहितो, तेव्हा त्यास मांस दुखावल्याचे म्हणावयाचे असते. बंगालमधून आलेला कामगार त्याच अक्षरांचा अर्थ नर्व्ह दुखावली असा करील. दोघांनाही शब्द कळला, आणि म्हणूनच गैरसमज झाला. न कळणाऱ्या शब्दापेक्षा असा कळणारा शब्द अधिक धोक्याचा.

‘मिडियन’ या विशेषणाची कथा निराळी. ते केवळ स्थानवाचक आहे : अग्रबाहूच्या मध्यरेषेने जाणारी, एवढाच त्याचा अर्थ. त्याचे ‘मध्यवर्ती’ असे भाषांतर केल्यास ‘मध्यवर्ती मज्जासंस्था’ या रूढ संज्ञेशी, म्हणजे मेंदू व मज्जारज्जू यांच्याशी, तत्काळ गल्लत होते. हातातील नर्व्हची इजा मेंदूची इजा वाटू लागते. ‘मध्यमा’ केल्यास ते मधल्या बोटाचे नाव होते, आणि अंगठ्यावर जिची मुख्य सत्ता त्या नर्व्हस एका बोटात कोंडल्यासारखे होते. ‘मध्य चेता’ हे रूप त्यांतल्या त्यात निर्दोष आहे. ते फारसे काही सांगत नाही, पण खोटेही सांगत नाही. स्थानवाचक नावाकडून याहून अधिकाची अपेक्षा नसावी. यापुढे आपण तेच वापरू.

परिभाषेच्या या गोंधळाच्या शेजारी बोलभाषा ठेवून पाहिली तर काय दिसते? ‘नस’ हा शब्द अनेकार्थी आहे, म्हणून तो अशास्त्रीय, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. वस्तुतः बोलीतील अर्थनिश्चिती नामाने होत नाही, क्रियापदाने होते. नस फुगते, फुटते, सापडत नाही, तेव्हा ती रक्तवाहिनी असते. नस दबते, तेव्हा ती चेता असते. बोलणाऱ्यांची यात सहसा चूक होत नाही. लक्षणांच्या बाबतीत तर बोली परिभाषेहून समृद्ध आहे. मुंग्या येणे, झिणझिण्या येणे, बधिर होणे, चमक मारणे, कळ येणे, रग लागणे ही सहा निरनिराळी वृत्ते आहेत. पहिली तीन बहुधा चेतेकडे बोट दाखवितात. रग लागणे मांसाचे असते. मनगटातील बोगद्यात दबलेल्या मध्य चेतेचा रुग्ण रात्री जागा होतो, हात झटकतो, आणि हातातून वस्तू निसटते असे सांगतो. हे वर्णन वैद्यकाच्या ग्रंथातील वर्णनाशी जुळते, आणि ते ऐकणाऱ्याने ‘हात दुखतो’ एवढेच टिपून घेतले तर निदानाचा अर्धा भाग लेखणीतच गळून जातो. येथे अनामिकेची साक्ष मोलाची आहे. जिला भाषेने नाव दिले नाही, त्या बोटाची एक बाजू मध्य चेतेकडे व दुसरी अल्नर नर्व्हकडे आहे. त्याच्या दोन बाजूंच्या संवेदनेत फरक पडला तर तो बहुधा बोटाकडे जाणाऱ्या चेतांचाच दोष होय, मानेचा नव्हे.

परंतु बोलीची ही अंगभूत शिस्त एका ठिकाणी तुटते, आणि नेमके तेथेच मोल जबर द्यावे लागते. ते वाक्य म्हणजे ‘नस कापली’. पत्र्याच्या धारेने मनगटाच्या पुढील बाजूस खोल काप बसला, तर कातडीलगत असलेली मध्य चेता तुटू शकते. ‘कापली’ या क्रियापदाबरोबर ‘नस’ म्हणजे रक्तवाहिनी, हा संकेत इतका पक्का आहे की ऐकणारा रक्त थांबवितो, टाके घालवितो आणि विचारतो : बोटे हलतात ना? बोटे हलतात. बोटे मिटणाऱ्या स्नायूंना आज्ञा पोहोचविणाऱ्या शाखा अग्रबाहूतच फुटलेल्या असतात. कंडरा वाचल्या असतील तर मनगटावर चेता पूर्ण तुटली तरी बोटे मिटतात. प्रश्नाचे उत्तर खरे येते, प्रश्नच चुकीचा असतो. विचारावयास हवे होते की तर्जनीच्या टोकास स्पर्श कळतो काय, आणि तळवा वर करून ठेवला असता अंगठा छताकडे उचलता येतो काय. तुटलेल्या चेतेचे धागे जोडल्यानंतर दिवसास सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतात. विलंब झाला तर तिकडे अंगठ्याच्या उंचवट्यातील मांस सुकत जाते. म्हणजे एका क्रियापदाच्या संकेतामुळे गमावलेले आठवडे परत मिळत नाहीत. पारिभाषिक शब्दाची खरी गरज येथे आहे, आणि आपली परिभाषा येथेच अनुपस्थित असते.

इंग्रजी वैद्यकातून आलेल्या उपमांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. मध्य चेता निकामी झाल्यावर अंगठा बोटांच्या रांगेत चपटा पडतो, त्यास इंग्रजीत वानराच्या हाताची उपमा दिली जाते. तिचे ‘कपिहस्त’ असे भाषांतर करणे व्याकरणदृष्ट्या शक्य आहे. परंतु यंत्रावर इजा झालेल्या माणसाच्या हातास हे नाव देणे निर्दय आहे, आणि अंगठा समोर येत नाही ही मुख्य गोष्ट त्यातून वाचकास कळत नाही. दुसरी उपमा ख्रिस्ती धर्मगुरूच्या आशीर्वादाच्या हाताची : कोपराजवळ चेता तुटलेला रुग्ण मूठ मिटू लागला की तर्जनी व मधले बोट ताठ राहतात. तिचे ‘आशीर्वादमुद्रा’ केल्यास मराठी वाचकापुढे सर्व बोटे पसरलेला अभयहस्त उभा राहतो, म्हणजे चित्र चुकते. याउलट आपल्याजवळ जे आहे ते आपण वापरीत नाही. अंगठा व तर्जनी यांची टोके जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे ज्ञानमुद्रा. मध्य चेतेची जी खोल शाखा अग्रबाहूत जाते ती निकामी झाल्यास या दोन बोटांची शेवटची पेरे वाकत नाहीत, आणि वर्तुळाऐवजी चपटी चिमटी तयार होते. ‘ज्ञानमुद्रा करून दाखवा’ ही आज्ञा ज्यास कळणार नाही असा मराठी रुग्ण विरळा. तसेच हातांच्या पाठी एकमेकींस टेकवून मनगटे मिनिटभर वाकविण्याची फेलन यांची परीक्षा ‘उलटा नमस्कार’ या दोन शब्दांत सांगता येते.

परंपरेतील आणखी एक शब्द स्मरणीय आहे. सुश्रुताने १०७ मर्मांपैकी ११ प्रत्येक बाहूत सांगितली आहेत. त्यांपैकी मणिबंध, म्हणजे मनगट, येथील मर्मास इजा झाल्यास हाताची ‘कुंठता’ येते असे तो म्हणतो. मर्म म्हणजे चेता नव्हे, आणि आजचे शरीरज्ञान प्राचीन ग्रंथात शोधणे हा अभ्यास नव्हे. परंतु शब्दाची निवड पाहावी. तो हात गेला म्हणत नाही, तुटला म्हणत नाही. त्याची धार गेली म्हणतो. अवयव शिल्लक आहे व कार्य बोथटले आहे, या अवस्थेस त्याच्याजवळ स्वतंत्र नाव होते.

हे नाव आपल्या व्यवहारातून लोपल्याचा परिणाम कायद्याच्या भाषेत दिसतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने उपार्जनक्षमतेतील घट अशी ठरविली होती : अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका अथवा करंगळी ७. अवयवांची ही उतरंड पाहता अनुसूचीकारास चिमटीचे मोल ठाऊक होते हे मान्य केले पाहिजे. अवयवाचा उपयोग पूर्णपणे व कायमचा नष्ट झाल्यास तो अवयव गेला असे समजावे, अशीही टीप तीत होती. परंतु तुटलेल्या मध्य चेतेचा हात या दोन्ही वाक्यांच्या मध्ये पडतो. बोटे जाग्यावर आहेत, म्हणून ‘गेली’ नाहीत. ती मिटतात, म्हणून उपयोग ‘पूर्णपणे’ नष्ट झाला नाही. अनुसूचीत न बसणाऱ्या अशा इजेची टक्केवारी अर्हताप्राप्त वैद्यकाने ठरवावी, असे तो कायदा सांगत होता. या कायद्याची जागा घेणारी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तथापि भाषेचा प्रश्न कायदा बदलल्याने सुटत नाही. मोजता येणाऱ्या बोटांची अनुसूची असते. न मोजता येणाऱ्या कुंठतेसाठी वर्णन लागते. वैद्यकाचे वर्णन रुग्णाच्या शब्दांवर उभे असते, आणि ते शब्द कारकुनाच्या मराठीत ‘हातास मार’ असे होऊन बसले तर पुढील सर्व गणित त्या दोन शब्दांवर चालते. ज्याची सर्व बोटे शाबूत आहेत पण स्क्रू चिमटीत धरता येत नाही, त्याची हानी सांगणारे वाक्य भाषेत नसेल, तर ती हानी कागदावर घडतच नाही.

यावर कोणी म्हणेल की हा सारा खटाटोप कशासाठी? इंग्रजी शब्द आहे, वैद्यांना तो कळतो, कामगारही ‘नर्व्ह’ म्हणू लागले आहेत. हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. इंग्रजी शब्द वापरण्यास भाषाशास्त्राची हरकत असण्याचे कारण नाही. बोल्ट, फिटर, शिफ्ट हे शब्द या पट्ट्यातील मराठीचेच झाले आहेत. परंतु ते शब्द वस्तू हातात घेऊन शिकले गेले. नर्व्ह हाताळता येत नाही. ती वर्णनानेच कळते, आणि वर्णन श्रोत्याच्या भाषेत करावे लागते. उसना शब्द नाव देऊ शकतो, पण समजूत उसनी मिळत नाही.

यास्तव आमचे मत असे की येथे एका शब्दाने भागणार नाही. ग्रंथात व अध्यापनात ‘मध्य चेता’ ही एकच संज्ञा ठेवावी, आणि ‘मध्यवर्ती’ व ‘मध्यमा’ ही रूपे सोडून द्यावीत. दवाखान्यातील व कारखान्यातील मराठीत तिला ‘चिमटीची नस’ म्हणावे. हे नाव स्थान सांगत नाही, कार्य सांगते. आणि तेच परीक्षाही सुचविते. ‘मनगट कापले आहे, चिमटीची नस पाहा’ हे वाक्य ऐकणारा रक्ताकडे पाहून थांबणार नाही, अंगठा व तर्जनी तपासील. ‘स्नायू’ हा शब्द बहुभाषी सूचनाफलकांवर व वैद्यकीय कागदांवर टाळून ‘मांसपेशी’ वापरावा. तो हिंदीभाषकासही त्याच अर्थाने कळतो. आणि अपघाताची नोंद करणाऱ्या कागदावर मुंग्या, बधिरपणा, चिमूट व स्पर्श यांविषयी चार स्वतंत्र प्रश्न असावेत, ज्यांची उत्तरे रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत उतरविली जातील.

आपल्या विभागांतून परिभाषेवर प्रबंध लिहिले जातात. त्यांत कोशातील शब्दास कोशातील दुसरा शब्द भेटतो. भोसरी व चाकण ही विद्यापीठापासून फार दूर नाहीत. तेथे ‘नस’ या शब्दाबरोबर कोणकोणती क्रियापदे येतात, कोणत्या प्रांताचा कामगार बधिरपणास काय म्हणतो, आणि लिहून घेणारा त्याचे काय करतो, याची नोंद एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने वर्षभर चिकाटीने केली, तर परिभाषेच्या अभ्यासास आज नसलेली सामग्री मिळेल, आणि काही हातांची हानी कागदावर खरीखुरी उतरेल.